सायकलस्वारांनो, पैशांबरोबर एक तारीखही मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की पुण्यातून सायकलींचे जथे बाहेर पडू लागतात. कुणी पंढरपूरला, कुणी महाबळेश्वरला, कुणी थेट गोव्याला. यातल्या बऱ्याच मोहिमा कुठल्या ना कुठल्या कामासाठी निधी गोळा करतात. गेल्या जानेवारीत मी अशाच एका मोहिमेत पुणे ते कोल्हापूर सायकल चालवली. थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी पैसे जमवायचे होते. आता दिवाळीनंतरच्या मोहिमांची आखणी घरोघरी, ग्रुपाग्रुपात सुरू झाली असेल. ती पक्की होण्याआधी एक गोष्ट आयोजकांच्या, सायकलस्वारांच्या आणि वर्गणी देणाऱ्यांच्याही कानावर घालावी म्हणून हे पत्र.

माझं वय ६०. पुण्यातल्या एका रक्तपेढीत ३१ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करून गेल्या वर्षी निवृत्त झाले. ती सगळी वर्षं कर्वेनगरहून पेठेत कामाला सायकलवरच जात होते, त्यामुळे सायकल मला नवीन नव्हती. नवीन होतं ते अंतर. रोजचे बारा-तेरा किलोमीटर कुठे आणि दोन दिवसांत २३० कुठे! भाच्याने त्याची गिअरची सायकल दिली, चार महिने दर रविवारी खडकवासल्याच्या पुढपर्यंत नेऊन सराव करून घेतला, आणि मी नाव नोंदवलं.

नाव नोंदवण्याचं कारण थॅलेसेमिया. या मुलांच्या शरीरात धड हिमोग्लोबिनच तयार होत नाही. मूल सहा महिन्यांचं, वर्षाचं होतं न होतं तोच पांढरं पडू लागतं, आणि तेव्हापासून दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचं रक्त लागतं. आयुष्यभर. आमच्या खिडकीवर ही मुलं मोठी होताना मी पाहिली आहेत. तारीख टळलेलं मूल मला लांबूनही ओळखू यायचं. ते जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसून राहायचं, आईने हात ओढला तरी उठायचं नाही, ओठ आणि गाल एकाच रंगाचे झालेले असायचे. तेच मूल पिशवी चढल्यावर दुसऱ्या दिवशी काहीतरी कागद न्यायला यायचं तेव्हा दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत असायचं. क्रॉसमॅच करताना, म्हणजे दात्याचं रक्त त्या मुलाच्या रक्ताशी जुळतं का ते तपासताना, नळी हातात धरून उजेडासमोर बघताना, मला ते जिना उतरणारं पोर आठवायचं आणि मी पुन्हा एकदा बघायची.

पैसे लागतातच, त्याबद्दल दुमत नाही. सरकारी नियमाप्रमाणे या मुलांना रक्त मोफत द्यायचं असतं, पण बाकीचं बरंच राहतं. सतत रक्त चढवल्याने शरीरात लोह साठतं, ते काळजात, यकृतात जाऊन बसतं. ते काढायला रोज औषध लागतं. पूर्वी पोटावर सुई लावून आठ-आठ दहा-दहा तास पंप चालवावा लागे, रात्रभर आया जाग्या असत. आता गोळ्या आहेत, त्या महिनोन् महिने, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. पांढऱ्या पेशी गाळणारी फिल्टर्स असतात, त्यामुळे थंडी वाजून ताप भरण्याचा त्रास कमी होतो. तीही महाग. मी आमच्या सोसायटीत, जुन्या सहकाऱ्यांकडे, माहेरी सगळीकडे फिरले. किलोमीटरला एक रुपया असा हिशेब सांगितला. कुणी २३० दिले, कुणी त्यावर एक शून्य चढवून २३०० दिले. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी मोजून २३० रुपये दिले आणि पावतीवर नातवाचं नाव घालायला सांगितलं. माझ्या वहीत ६१,४०० रुपये जमले. आयोजकांनी नंतर सगळ्या निधीचा पै-पैचा हिशेब आम्हाला दाखवला, हेही इथे सांगायला हवं.

आम्ही ३८ जण पहाटे पाचला सारसबागेसमोरून निघालो. कात्रजचा जुना घाट अंधारातच चढलो. शिंदेवाडीला हायवेला लागेपर्यंत उजाडलं होतं. नीरेच्या पुलावरून शिरवळला पोचलो तेव्हा पोहे तयार होते, आणि ते पोहे मी जन्मात विसरणार नाही इतकी भूक लागली होती. शिरवळ सोडल्यावर माझं मागचं चाक बसलं.

ज्यांनी हायवेवर सायकल चालवली आहे त्यांना हे माहीत असेल, इतरांसाठी सांगते. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात. केसापेक्षा जरा जाड, अर्धा इंच लांब. आपण कडेनेच चालवतो, त्यामुळे त्या आपल्याच टायरमध्ये घुसतात. नुसती ट्यूब बदलली तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. आमच्यातला एक सव्वीस वर्षांचा मुलगा मदतीला थांबला, बोटाने चाचपत होता, त्याला काही लागेना. माझ्या पिशवीत कापूस होता. कापसाचा बोळा मी टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी धागे अडकले. तिथेच तार होती. नखाने ओढली तर येईना, शेवटी चिमट्याने काढली. तो मुलगा म्हणाला, "काकू, हे कुठे शिकलात?" शीर शोधण्यात आयुष्य गेलं आहे, बोटाला जे कळत नाही ते दुसऱ्या कशाने तरी शोधायची सवय लागते, असं मी त्याला सांगितलं.

खंबाटकी घाट अकराच्या उन्हात चढलो. सगळ्यात हलक्या गिअरवर, एकदाही न उतरता. शेजारून ट्रक कण्हत जात होते, क्लीनर खिडकीतून हात काढून "चला चला ताई" म्हणत होते. साताऱ्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. ११० किलोमीटर झाले होते.

संध्याकाळी एका सभागृहात आमचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, गुच्छ, प्रत्येकाचं नाव पुकारून. स्थानिक मंडळींनी फार मनापासून केलं होतं. कार्यक्रम दीड तास चालला. तो संपत आला असताना दारापाशी एक गृहस्थ उभे असलेले दिसले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. थॅलेसेमियाची फाईल मला बाहेरूनच कळते. ती इतकी जाड असते की दोऱ्याने बांधावी लागते. बाहेरचा फलक वाचून ते आत आले होते. त्यांची सात वर्षांची मुलगी दोन दिवसांपासून दवाखान्यात होती. ग्रुप बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन साडेपाचावर आलेलं. ही मुलं नवाच्या खाली जाऊ नयेत असं बघायचं असतं. बी पॉझिटिव्ह काही दुर्मीळ ग्रुप नव्हे, पण त्या आठवड्यात तिथे तो शिल्लक नव्हता.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही या पोरांसाठीच आलाय ना? एक पिशवी मिळंल का?"

सभागृहात एकदम शांतता झाली. मग भराभर हात वर झाले. माझंच घ्या, माझं बी पॉझिटिव्ह आहे, मी आत्ता येतो. आणि त्या सगळ्यांना नाही म्हणणं माझ्यावर आलं. ११० किलोमीटर उन्हात सायकल चालवलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा १२० किलोमीटर जायचं. अशा माणसाच्या दंडाला मी नोकरीत असते तरी सुई लावली नसती. रक्त दिल्यावर निदान दिवसभर जड श्रम करायचे नसतात. हायवेवर घेरी आली तर शेजारून कंटेनर जात असतो.

माझ्या खात्यात ६१,४०० रुपये होते आणि त्या पैशांत तिच्यासाठी एक थेंब रक्त येत नव्हतं. येऊही नये. मी नोकरीला लागले तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारी माणसं पाहिली आहेत. पोटासाठी पुन्हा पुन्हा रक्त देऊन पांढरी फटक झालेली, खोटी नावं सांगणारी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून तो धंदा कायद्याने बंद झाला, हे फार मोठं काम झालं. तेव्हापासून रक्त मिळतं ते फक्त कुणीतरी आपण होऊन दिलं म्हणून. दुसरा रस्ता नाही.

शेवटी मंडपवाल्यांची दोन पोरं पुढे आली. खुर्च्या गोळा करायची थांबून ऐकत उभी होती. त्यातल्या एकाने लायसन्स काढून दाखवलं, त्यावर बी पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. "आमचं चालतंय का?" दोघांनीही आधी कधी रक्त दिलेलं नव्हतं. वजन, वय, आजारपण मी तिथेच विचारून घेतलं, रात्री नीट जेवा आणि झोपा म्हणाले. सकाळी आठ वाजता दोघंही रक्तपेढीत हजर झाले.

दुसरा दिवस थोडक्यात सांगते. अतीत, उंब्रज, कराड, पेठनाका. उसाचा हंगाम भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी, आणि मोठ्याने लावलेल्या गाण्यांमुळे चालकाला मागचं काही ऐकू येत नाही. सायकलवाल्याला त्यांची खरी भीती. जागोजागी रस्त्याची कामं चालू असल्यामुळे कडेची पट्टी मध्येच नाहीशी होत होती. पंचगंगा ओलांडून रंकाळ्यावर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. सगळे फोटो काढत होते. तेवढ्यात त्या गृहस्थांचा फोन आला. तपासण्या होऊन पिशवी तयार झाली होती. "ताई, रक्त लागलंय," एवढंच बोलले. त्या फोनने जे वाटलं ते मला २३० किलोमीटर पूर्ण झाल्याने वाटलं नाही, हे मी अगदी खरं सांगते.

परत आल्यावर रोज रात्री एकच विचार डोक्यात येत होता. मी पावतीपुस्तक घेऊन दीडशेच्या वर घरांत गेले. प्रत्येक घरात पैसे मागितले. एकाही घरात रक्त मागितलं नाही. मी, जी ३१ वर्षं रक्तपेढीत होते!

म्हणून माझी विनंती अशी. पुढच्या वेळी दारात जाल तेव्हा पैशांबरोबर एक तारीख मागा. "रक्त द्याल का?" एवढं विचारून भागत नाही, त्याला सगळे हो म्हणतात आणि विसरतात. "कुठल्या आठवड्यात द्याल?" असं विचारा आणि लिहून घ्या.

तारखेवर माझा इतका भर का, ते रक्तपेढीत काम केल्याशिवाय सहज कळणार नाही. रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशींची पिशवी फ्रीजमध्ये दोन ते सहा अंशांवर ठेवली तरी पिशवीतल्या औषधाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकते. प्लेटलेट तर पाचच दिवस. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला किंवा जयंतीला भव्य शिबिर होतं, एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या येतात. आमची रात्र तपासण्यांत जाते. कावीळ, एचआयव्ही, गुप्तरोग, मलेरिया, सगळं बघावं लागतं. आणि महिन्याभराने त्यातल्या काही पिशव्यांची मुदत संपते. त्या बाद करताना लेबल वाचायचं मी टाळत असे. ज्यांनी त्या दिवशी रक्त दिलं ते पुरुष पुढचे तीन महिने आणि बायका चार महिने देऊ शकत नाहीत, म्हणजे मुदत संपली आणि दातेही संपले. मे महिन्यात कॉलेजं बंद, आयटीवाले गावाला, लग्नसराई, उन्हाळा. दिवाळीच्या आठवड्यातही तेच. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र मे महिन्यात सुट्टी नसते. दर आठवड्याला दहा माणसं आली तर ती एका दिवसाच्या पाचशेंपेक्षा त्या मुलांच्या जास्त कामाची आहेत.

सायकलवाल्यांना हे गणित चांगलं जमण्यासारखं आहे, कारण मोहिमा थंडीत असतात. जानेवारीत मोहीम झाली की दोन-तीन आठवडे अंगाला विश्रांती द्यावी आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्त द्यावं. तीन महिने मोजले की पुरुषांची पुढची पाळी बरोबर मेच्या पहिल्या आठवड्यात येते, जेव्हा फ्रीज रिकामे असतात. बायकांची जूनमध्ये. मोहिमेच्या आधीच्या दिवसांत किंवा मुक्कामाच्या रात्री मात्र कुणीही देऊ नये. उत्साहात ते होऊ शकतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि वाटेतले सत्कार. मोहिमेचा मुक्काम ज्या गावी असेल तिथल्या रक्तपेढीला पंधरा दिवस आधी विचारावं की तुमच्याकडे त्या आठवड्यात किती आणि कुठल्या ग्रुपचं रक्त लागेल. तेवढ्याच लोकांना बोलवावं, वीस तर वीस. शाल-श्रीफळाच्या दीड तासात वीस पिशव्या आरामात होतात. ज्या मंडळींनी साताऱ्यात इतक्या आपुलकीने आमच्यासाठी धावपळ केली, त्यांनी हे कामही तितक्याच मनापासून केलं असतं. आम्ही सुचवलंच नाही.

त्याच ठिकाणी लग्न न झालेल्या मुलामुलींना एचबीए-टू तपासणीबद्दल सांगता येईल. आपण थॅलेसेमियाचे वाहक आहोत का, ते या रक्ततपासणीत कळतं. थॅलेसेमिया मायनर असलेला, म्हणजे नुसता वाहक असलेला माणूस धडधाकट असतो, आमच्याबरोबर घाट चढलेल्यांतही कुणी असेल. पण आईवडील दोघंही मायनर असले तर दर गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे आयुष्यभर रक्त लागणारं, होण्याची शक्यता चारात एक असते. हा आजार ठरावीक समाजांतच होतो असं आपल्याकडे अजून पुष्कळ लोक मानतात, ते खरं नाही. आणि आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तिथे तर ही एक तपासणी आधी करायलाच हवी. आयुष्यात एकदाच करायची असते.

मी स्वतः काय केलं ते सांगते. फेब्रुवारीत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नावं लिहायला सुरुवात केली. ज्या घरांतून वर्गणी मिळाली होती त्याच घरांत पुन्हा गेले. गॅस कधी लावला, दूध किती घेतलं हे ज्या चौकोनांत लिहितो त्यांतच निळ्या पेनने नाव आणि ग्रुप. आदल्या दिवशी मी फोन करते, नीट जेवून जा म्हणते. आतापर्यंत ४७ नावं लिहिली, ३३ जण प्रत्यक्ष जाऊन आले. काहींचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलं म्हणून परत पाठवलं, काहींना जमलं नाही, दोघांनी फोन घेतला नाही. मे महिन्यात ९ नावं होती, ७ जण गेले. भाजीवाल्या मावशींचं वय ६५ च्या पुढे गेलेलं, त्यांचं घेता येत नाही. त्यांनी मुलाला पाठवलं. ज्याने माझी ट्यूब बदलली तो मुलगा फेब्रुवारीत गेला, मेमध्ये गेला, ऑगस्टमध्येही गेला. आता त्याने त्याच्या कंपनीतल्या सायकल ग्रुपचं वेगळं कॅलेंडर सुरू केलं आहे.

साताऱ्याच्या त्या मुलीच्या वडिलांचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो. मंडपवाल्या पोरांनी आपल्या गल्लीतल्या बी पॉझिटिव्ह मुलांची यादी करून त्यांना दिली आहे. ती मुलगी आता तिसरीत आहे.

नवं कालनिर्णय बाजारात आलं की मी आणणार आहे. आमच्याच मोहिमेचे आयोजक या वेळी पावतीपुस्तकात तारखेचा एक रकाना छापायला तयार झाले आहेत. इतर मोहिमांनीही तो छापावा. आणि ज्या वाचकांच्या दारात कुणी सायकलवाला पोचणार नाही, त्यांनी त्याची वाट न बघता घराजवळच्या रक्तपेढीत फोन करावा, आपला ग्रुप सांगावा आणि पुढच्या मे महिन्यातली एक तारीख देऊन ठेवावी.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
कर्वेनगर, पुणे